प्रमोदला आणायला टांझानियाला गेले

टांझानियाहून आल्यापासून गावात जो भेटतो तो एकच विचारतो, "कसा हाय वो बाई तो देश? गरीब हाय का शिरीमंत?" पहिले काही दिवस मी "चांगला हाय, आपल्यासारखाच हाय" म्हणून वेळ मारून नेली. आता खरं ते सांगते. मला तो देश समजला नाही. कोंढ्याजवळच्या आमच्या गावची मी एके काळी सरपंच होते. रस्ता कसा मंजूर होतो, नळयोजना कुठं अडते, कोणाच्या सहीनं काय हलतं, यातलं मला सगळं कळतं असा माझा समज होता. तो समज तिकडंच ठेवून आले.

फिरायला म्हणून मी गेलेच नव्हते. प्रमोद, माझा पाठचा भाऊ, तिकडं असतो. तुमसरला राईस मिलमध्ये मशीनचं काम शिकला, तिथूनच एका शेठनं त्याला मोरोगोरोच्या गिरणीत नेलं. जाण्याचं खरं कारण दुसरंच होतं. शेतीवाल्या पोराला मुलगी कोण देते? दहा ठिकाणी पाहून झालं, चहा-पोहे खाऊन झाले, आणि हा गावातून चालला की पारावरून आवाज यायचा, "काय गा प्रमोद, जमलं का कुठं?" एक दिवस पोरगा बॅग भरून निघून गेला.

मागच्या दिवाळीत त्याचा फोन आला. "बाई, मी इथं एका खेड्यात सोताची गिरणी टाकून राहिलो. माझ्या वाट्याची बांधी विकतो. तुझी सही लागन." आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, आणि बांधी म्हणजे बाबांची धानाची जमीन, ती आमच्या दोघांच्या नावानं आहे. मी म्हटलं, "सही बिही मग पाहू. आधी मी येऊन राहिली." इकडे धान मळून झालं होतं, घरी सून होती, हात रिकामे होते. मनात मात्र एकच होतं, याचा कान धरून घरी आणायचा. आईबाबा गेल्यावर मला माहेर म्हणून तो एकटाच उरलाय.

दार-ए-सलाम

विमानतळावरच माझी फजिती झाली. लाखोळीची डाळ, चिन्नोरचे तांदूळ, तांदळाचे पापड, असं सगळं मी प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून नेलं होतं. गणवेशातल्या एका बाईनं हसत हसत माझी बॅग उघडली, डाळ टेबलावर ओतली, तांदूळ टेबलावर ओतले आणि पिशव्या घडी घालून एका डब्यात टाकल्या. मला वाटलं, ही आता चहापाणी मागणार. मी पर्सला हात लावला तर तिनं मान हलवली आणि डाळीकडे बोट दाखवलं, म्हणजे घेऊन जा. म्हणजे डाळ माझी आणि पिशवी सरकारची. त्यांच्या देशात प्लास्टिकची पिशवी चालतच नाही. आमच्या गावात प्लास्टिकबंदीचा ठराव मीच वाचून दाखवला होता, आणि त्याच सभेत चहा प्लास्टिकच्या कपांतून फिरला होता. त्यामुळे बंदी म्हणजे खरोखर बंदी, ही गोष्ट माझ्या डोक्यात लवकर शिरेना.

शेवटी बॅगेतून एक पातळ काढलं, सगळं त्यात ओतलं, गठोडं बांधलं आणि डोक्यावर घेऊन बाहेर आले. इतक्या वर्षांनी भावाची भेट झाली ती अशी. प्रमोद आधी हसला, मग रडला, मग परत हसला. पाया पडताना म्हणाला, "बाई, तू तं सीधी पवनीच्या बाजारातून आल्यासारखी दिसून राहिली."

मोरोगोरोची गाडी

दुसऱ्या दिवशी रेल्वेनं निघालो. स्टेशन असं की मी चपला काढायच्या बेतात होते. फरशीत तोंड दिसत होतं. पासपोर्ट पाहून तिकीट, सामानाची तपासणी, आणि विजेवरची गाडी सुटली तेव्हा बाटलीतलं पाणीसुद्धा हललं नाही. मी तोंडात बोट घातलं. आमच्याकडची नागभीडची छोटी गाडी बंद झाली, तिथं मोठी लाईन होणार म्हणून आम्ही वाट पाहून राहिलो, आणि मी मात्र आफ्रिकेत येताना घरच्यांना सांगून आले होते की तिकडं काही नसते, कंदील घेऊन जाऊ का.

बरं, मग हा देश पुढे गेलेला म्हणावा, तर खिडकीबाहेर बाया डोक्यावर पिवळे कॅन घेऊन पाण्याला चालल्या होत्या. त्यांच्या मागं मातीची घरं होती आणि घरांवर सोलरचे पत्रे. मध्ये एका स्टेशनावर थांबलो तर बाहेर एक म्हातारी निखाऱ्यावर मक्याची कणसं भाजत होती आणि पैसे मोबाईलवर घेत होती, तोही साधा बटणांचा मोबाईल.

"हे गरीब हायेत का नाही?" मी प्रमोदला विचारलं.

"तू गरीब हाय का, बाई?"

"मी कायले गरीब?"

"पाणी तं तू पण डोक्यावरच आणलं न, नळ येईपर्यंत."

मी खिडकीकडे तोंड केलं.

मिकुमीच्या जंगलातून

मोरोगोरोहून पुढे बस. रस्ता गुळगुळीत, आणि मध्येच अभयारण्यातून जातो. कोणत्या जनावराला धडक दिली तर किती दंड, याची पाटीच लावलेली. जिराफ रस्त्याच्या कडेला उभे राहून आमच्या बसकडे असे पाहत होते, जसं आम्हालाच दाखवायला आणलंय. आमच्याकडे कऱ्हांडल्याच्या बाजूला वाघ आडवा गेला की लोक गाड्या थांबवून व्हिडिओ काढतात. इथं हत्ती दिसला तरी बसमधलं कोणी मान वळवत नव्हतं. मी एकटीच ह्या खिडकीतून त्या खिडकीत. शेजारच्या बाईनं मला आपली खिडकीची जागा दिली, वर एक उकडलेलं अंडं दिलं, मिठाच्या पुडीसकट. भाषा एक शब्द कळत नव्हती, पण अंडं खायला काय भाषा लागते.

प्रमोदचं गाव

गाव डोंगराच्या पायथ्याशी, इफाकारा नावाच्या शहराच्या अलीकडे. डोंगरातून ओढा येतो, ओढ्यावरून पाट काढलाय, पाटाच्या दोन्ही अंगांना बांध्या. आमच्याकडे धान घरात येऊन पडलं होतं आणि इथं रोवणा, म्हणजे भाताची लावणी, चालू होता. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाया पाहून मला आपल्याच घरी आल्यासारखं झालं. त्यांचा भातही वासाचा. मी नेलेला चिन्नोर प्रमोदनं शिजवला तेव्हा शेजारपाजारची माणसं वास घेत आली, आणि त्यांनी त्यांचा भात नारळाच्या दुधात करून आणला. सोबत वाळलेली बारीक मासोळी होती. तिचा वास सुकटीसारखा, मी दोनदा वाढून घेतली. मक्याच्या पिठाचा गोळा मात्र काही केल्या घशाखाली उतरेना.

तिथं तरणं माणूस म्हाताऱ्याला भेटलं की 'शिकामू' म्हणते, म्हणजे पाया पडतो, आणि म्हाताऱ्यानं 'मराहाबा' म्हणून तो मान घ्यायचा. मला हे फार आवडलं. सरपंच असतानाही मला इतके नमस्कार मिळाले नव्हते. मग घरच्यांची विचारपूस, शेताची विचारपूस, झोप कशी लागली, आणि हे सगळं झाल्यावर माणूस कामाचं बोलणार. प्रमोद पाटावरून चालला की चार पावलांवर कोणी तरी थांबवायचं. कोणाचा पंप बंद, कोणाची शिलाईची मशीन अडकलेली. लग्नाचं कोणी विचारत नव्हतं.

आता सरकारचं ऐका. पहिल्याच संध्याकाळी चहा पिताना लाईट गेली. प्रमोदनं भिंतीवरच्या मीटरवर आकडे दाबले, लाईट आली.

"रिचार्ज संपला होता," तो म्हणाला. तिथं विजेचे पैसे आधी भरायचे, मग वीज जाळायची.

अर्ध्या तासानं परत गेली. "आता काहून गेली? रिचार्ज तं हाय न?"

"आता सरकारची गेली. ती कोणाले सांगून जात नाही."

हे तेवढं आपल्यासारखं निघालं म्हणून मला बरं वाटलं. मग मी जमिनीचं विचारलं.

"हे वावर कोणाचं?"

"सरकारचं."

"अन् ते पलीकडचं?"

"तेही. बाई, इथं सगळीच जमीन सरकारची. गाव लोकायले कसायले देते. मी बाहेरचा, माझ्या नावानं वीतभर नाही होत."

"मग गिरणी काय हवेत टांगणार?"

"धानवाल्यायचा गट हाय. त्यायच्या जागेवर. मशीन माझी, जागा त्यायची, दोघायचा धंदा. उद्या गावाची सभा हाय, तिथं हो म्हटलं की झालं."

माझं डोकं फिरलं. बाबांची बांधी, तळ्याखालची, बारमाही ओल असलेली, ती विकायची आणि परक्या देशात परक्याच्या जागेवर लोखंड उभं करायचं. मी त्याला खूप बोलले. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून राहिला म्हटलं. कोंढ्याला गिरणी टाक, मी जागा देते म्हटलं. तो एवढंच म्हणाला, "बाई, यायचं धान पोत्यात भरून शहरात जाते, अन् तांदूळ होऊन दुप्पट भावानं परत येते. इथं गिरणी पायजेच." हे मात्र मला न सांगता कळलं असतं. कळलं म्हणून राग उतरला असं नाही.

खालच्या बांधीत

रागात मी एकटीच पाटावर फिरायला निघाले. उन्हं उतरली होती. एका ठिकाणी पाहते तर वरच्या बांधीत पाणी धुऱ्याला, म्हणजे बांधाला, टेकलेलं, आणि खालच्या बांधीत नुसता चिखल, पाण्याचा थेंब नाही. आपल्याकडे पाणी बांधीतून बांधीत उतरते. रोवण्याच्या दिवसांत असं दिसलं तर ज्याच्या नजरेला पडेल त्यानं धुरा फोडून पाणी खाली सोडायचं, हे पुण्याचं काम. बांधी कोणाची हे कोणी विचारत नाही. मी चप्पल काढली, टाचेनं धुऱ्याला खाच पाडली, पाणी खळखळ खाली गेलं. तेवढ्यानं मला बरंही वाटलं, की या गावासाठी आपण काहीतरी केलं.

सकाळी दाराशी एक बाई उभी. माझ्याच वयाची. जवादी तिच्या थोरल्या लेकीचं नाव, म्हणून गावात तिला जवादीची माय म्हणतात. आपल्याकडेही असंच. तिनं माझी झोप विचारली, घरची माणसं विचारली, सुनेची तब्येत विचारली. प्रमोद सांगत होता, मी उत्तरं देत होते. मग ती प्रमोदशी हळू आवाजात काही बोलली आणि त्याचा चेहरा उतरला.

"काल तू पाणी सोडलं का, बाई?"

"सोडलं. सुकून राहिली होती बांधी."

"सुकून नव्हती राहिली. पाणी काढून ठेवलं होतं. काल सकाळीच तिनं चिखलात मोड आलेलं बी फेकलं होतं."

आवत्या. आपल्याकडेही कोणी कोणी तसं बी फेकून पेरते, पण सगळीकडे रोवणा दिसत असताना माझ्या डोक्यात ते आलंच नाही, आणि तिन्हीसांजेला चष्मा घरी. जाऊन पाहिलं तर सगळं बी वाहून एका कोपऱ्यात गोळा झालेलं. वरच्या बांधीवाल्याच्या पाण्याची पाळी गेली ती वेगळी. तिथं प्रत्येकाला पाटाचं पाणी पाळीनं मिळते, दुसऱ्याच्या धुऱ्याला कोणी बोट लावत नाही.

आमच्या गावात असं झालं असतं तर सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. जवादीची माय मात्र नुसती उभी. ओरडली नाही, हात नाचवले नाहीत, तोंड वाकडं केलं नाही. जाताना मला दोन आंबे देऊन गेली. ती रागावली की नाही, हे मला कळेना. शिव्या दिल्या असत्या तर जीव हलका झाला असता. प्रमोद म्हणाला, "आज सभेत पहिला विषय हाच राहीन." त्याच्या गिरणीचा विषय त्यानंतर होता.

सभा

गावच्या कचेरीपुढं एक मोठं झाड आहे, त्याखाली सभा. बाया चटया टाकून पुढे बसल्या होत्या आणि पुरुषांपेक्षा जास्त बोलत होत्या. आपल्याकडे ग्रामसभेत बाई येते, सही करते, मागं बसते. मी सरपंच होते तरी समोरचा माणूस माझ्या नवऱ्याकडे पाहून बोलायचा. इथला अध्यक्ष म्हणजे एक म्हातारा, टोपीवाला. तो काही बोलतच नव्हता. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत गप्प. मला वाटलं याला काही अधिकार नसावा. मग वाटलं, सगळा अधिकार यालाच असावा. काहीच पत्ता लागेना.

पाण्याचा विषय निघाला. मी उभी राहिले, हात जोडले आणि बियाण्याचे पैसे द्यायला पर्स उघडली. बायांनी माना हलवल्या. जवादीच्या मायनं काही सांगितलं, प्रमोदनं मराठी केलं. "पैसे नको म्हणते. शेजारणीकडे पऱ्ह्याची रोपं उरली हायेत. तू रोवणा करून दे म्हणते." मी म्हटलं, "एवढंच? उद्या उजाडताच येईन म्हणून सांग." एवढ्यावर विषय मिटला. मी एवढी मोठी चूक केली आणि कोणी आवाजसुद्धा चढवला नाही. या लोकांना राग येतच नसावा, अशी माझी खात्री झाली.

मग गिरणी. खूप बोलणं झालं. प्रमोद उभा राहून त्यांच्या भाषेत बोलत होता, हात पसरून मशीनची लांबी दाखवत होता, मध्येच कोणाला हसवत होता. घरी हा पोरगा चारचौघांत मान वर करत नव्हता. मला त्याचा आवाजच ओळखू येईना.

सगळ्यात शेवटी अध्यक्ष उठला. त्यानं माझ्याकडे पाहून सावकाश काही विचारलं आणि खाली बसला. सगळी सभा माझ्याकडे वळली.

"काय म्हणून राहिले?" मी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणायले एवढा वेळ लागला का त्यायले?"

प्रमोद खाली मातीकडे पाहत म्हणाला, "ते म्हणते, तुझी बहीण तुले न्यायले आली असं गावात सगळ्यायले माहीत हाय. आम्ही जागा दिली, मशीन बसवली, अन् बहीण तुले घेऊन गेली, तं लोखंडाचं काय करायचं? घरच्या वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकू द्या." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "हे तुले विचारून राहिले, बाई. मले नाही."

आमच्या गावात कोणी बाहेरचा गिरणी टाकायला आला असता तर मीही हेच विचारलं असतं. मी एवढंच म्हणायचं होतं, हो, न्यायला आले. सभा तिथंच संपली असती. प्रमोद माझ्यासोबत विमानात बसला असता, पारावरून चालत घरी आला असता, आणि पारावरच्यांनी त्याला परत तेच विचारलं असतं. मला माझा भाऊ पाहिजे होता. आताही पाहिजे आहे.

मी म्हटलं, "सांग त्यायले, न्यायलेच आली होती. आता नाही नेत. तुमच्यापाशी राहू द्या. मी सही देऊन देईन."

हे त्यांच्या भाषेत सांगायला प्रमोदनं तोंड उघडलं आणि तो तिथंच भर सभेत ढसाढसा रडायला लागला. माझं बोलणं कोणालाच कळलं नव्हतं. त्यांनी पाहिलं एवढंच, की बहीण बोलली आणि भाऊ रडला. सभेत कुजबूज सुरू झाली. अध्यक्षानं टोपी काढून हातात घेतली. जवादीची माय ताडकन उठली, सरळ माझ्यासमोर आली, माझा दंड धरला आणि बोलायला लागली. तिचा आवाज चढला होता. प्रमोदकडे बोट, जमिनीकडे बोट, आपल्या छातीवर थाप. बी वाहून गेलं तेव्हा जिनं भुवई वर केली नव्हती, ती बाई माझ्या भावासाठी माझ्यावर ओरडत होती, आणि मागून बाकीच्या बाया हुंकार देत होत्या.

तिला सांगायला माझ्याकडे एक शब्द नव्हता. प्रमोद तोंड झाकून बसलेला. मग मला जे येतं ते मी केलं. आपल्या ग्रामसभेत ठराव मंजूर करताना करतात तसा उजवा हात वर केला, सगळ्यांना दिसेल असा, आणि डाव्या हातानं प्रमोदला तिच्याकडे ढकललं.

ती बोलता बोलता थांबली. माझ्या हाताकडे पाहिलं, प्रमोदकडे पाहिलं, आणि मग तिनं हात वर केला. मागं एकेक करून चटयांवरचे हात वर जायला लागले. मी त्या गावची नव्हे, त्या देशाची नव्हे, माझं मत तिथं कोणी धरणार नव्हतं. तरी शेवटचा हात वर जाईपर्यंत मी माझा हात खाली घेतला नाही.